मुलीचे मामा आणि काचेवरची वाफ

हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते, ही तक्रार मी आजवर तीन ठिकाणी लेखी स्वरूपात नोंदवली असून एकाही ठिकाणाहून समाधानकारक उत्तर आलेले नाही. कंपनीने 'थंडीत असे होते' एवढेच कळवले. दुकानदाराने 'थंडी संपली की थांबेल' असा तोंडी निर्वाळा दिला. एका वृत्तपत्राने माझे सहा पानी पत्र चार ओळींत छापले आणि त्या चार ओळींतही 'वाफ'च्या जागी 'वाफा' छापून मला भाजीपाल्याचा तक्रारदार ठरवले!

मी कायदा पाळणारा मनुष्य आहे. कसबा बावड्यातल्या माझ्या घरापासून कोथिंबिरीची गाडी शंभर पावलांवर उभी असते. तेथेही दुचाकीवरून जायचे झाल्यास मी हेल्मेट चढवून, पट्टा आवळून, काच खाली ओढून जातो. कोथिंबीरवाली दर वेळी विचारते, "पावणं कुठलं म्हनायचं?" (गेली वीस वर्षे मी तिचेच गिऱ्हाईक आहे!)

याच कायदेप्रेमापोटी गेल्या वर्षी एक कौटुंबिक अनर्थ घडला. माझी धाकटी बहीण सुमन कुरुंदवाडला दिलेली आहे. तिचे यजमान विश्वासराव एका रविवारी आमच्याकडे जेवायला आले, पांढऱ्या रश्श्याच्या पाच वाट्या रिचवून तृप्त झाले आणि उघड्या डोक्याने मोटारसायकलवर बसून निघून गेले. मी दारातून हात हलवला, आत आलो आणि संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. वाहनाचा क्रमांक, वेळ, जाण्याची दिशा, सर्व तपशील त्यात होता. काही लपवल्याचा ठपका येऊ नये म्हणून शेवटी 'सदर इसमाशी नाते : मेव्हणे' असेही नमूद केले.

विश्वासरावांना नोटीस गेली. सुमनचा फोन आला.

"दादा, तू माझ्या नवऱ्यावर अर्ज केलास?"

"अर्ज नव्हे, सुमन. तक्रार. अर्ज म्हणजे विनंती."

फोन बंद झाला, तो आठ महिने बंदच राहिला. त्या वर्षी राखीही आली नाही. मी टपाल खात्याकडे चौकशी केली. 'अशी कोणतीही वस्तू पाठवण्यात आल्याचे आढळत नाही' असे त्यांनी अत्यंत सौजन्याने कळवले. सौजन्याचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता!

आणि मग डिसेंबरात माझी भाची पल्लवी हिचा फोन आला. तिचे लग्न ठरले होते, कुरुंदवाडातच, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांच्या मुहूर्तावर.

"मामा, माझ्या पाठीमागं तुम्हीच उभं ऱ्हायचं. मी आईला ठासून सांगितलंय."

"आई काय म्हणाली?"

"आई म्हनाली, येळंवर आला तर त्यो मामा. न्हाय तर तिचा मावसभाऊ संभाजी तयारच हाय."

संभाजी! ज्याने हेल्मेटमध्ये कोंबडीची पिल्ले ठेवलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत, तो संभाजी माझ्या भाचीच्या पाठीशी उभा राहणार? आणि सुमनचे दार मला कायमचे बंद होणार? शक्य नाही!

"आदल्या दिवशीच जाऊ या हळदीला," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "येस्टीनं जाऊ, निवांत."

मी पत्रिका त्यांच्यापुढे धरली. हळदीची वेळ छापली होती खरी, परंतु 'सहकुटुंब अगत्य येणेचे करावे' ही ओळ केवळ विवाहाच्या वेळेखाली होती. निमंत्रणाची व्याप्ती निमंत्रिताने स्वतःहून वाढवणे हा अतिक्रमणाचाच एक प्रकार होय. सबब पहाटे निघणे, मोटारसायकलने निघणे आणि दोघांनीही हेल्मेट घालणे असे ठरले.

राहता राहिली वाफ. मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या रशीदभाईंकडे गेलो. त्यांचे वडीलही तेथेच गाड्या दुरुस्त करत; यंत्राच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे निकाल.

"सोप्पं हाय काका," रशीदभाई चाकाखालून म्हणाले. "काचंला आतनं भांड्याचा साबन लावायचा. पातळ. आन् मग कोरड्या फडक्यानं पुसून काढायचा. पार पुसायचा, दिसला न्हाय पायजे. वरची हवंची फट तेवडी उगडी ठेवा. वाफ धरली तर माझं नाव बदला."

"हे लेखी द्याल काय?"

रशीदभाई चाकाखालून बाहेर आले. "काका, साबनाचं काय लिवून देऊ?"

येथे माझ्या हातून जी चूक घडली, ती अडाणी माणसाच्या हातून कदापि घडली नसती. घरी येऊन मी त्या सूचनेचा बारकाईने अर्थ लावला. प्रथम साबण लावणे, नंतर तोच पुसून काढणे! ही दोन वाक्ये परस्परविरोधी होती. अशा विसंगतीत मूळ उद्देश सफल होईल तो अर्थ ग्राह्य धरायचा असतो. उद्देश वाफ रोखण्याचा, साधन साबण. मग साधनच पुसून टाकले तर उद्देश हवेत लटकला! मी दुसरे वाक्य रद्दबातल ठरवले आणि पहिल्याची अंमलबजावणी तीन थरांत केली.

"रशीदभाईनं पुसायला सांगितलं न्हवतं व्हय?" सौ.नी विचारले.

"सांगितले होते. परंतु ते विरोधी आहे."

"कुनाच्या इरोदी?"

मी तिसऱ्या थराला हात घातला. त्यांनी मात्र स्वतःच्या हेल्मेटला मला हात लावू दिला नाही, ही गोष्ट मी त्यांच्या पक्षात नमूद करतो.

सकाळी सहाला निघालो. काच वाळून न्हाणीघराच्या खिडकीसारखी दुधी झाली होती, पण समोरचे दिवे दिसत होते. हातकणंगल्यापर्यंत वाफेचा मागमूस नव्हता! मी आनंदाने ओरडलो, "पाहिलेस? शास्त्र!"

त्या ओरडण्याची वाफ काचेवर बसली आणि शास्त्र तेथेच संपले. तीन थर भिजले. साबण ओघळू लागला. वरच्या फटीतून वारा आत येत होता, त्याने ओघळांचे बुडबुडे केले. बुडबुडे हनुवटीखालून बाहेर पडू लागले. शेजारून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. त्यावरचा चालक उभा राहून ओरडला, "आवो पावणं! तोंडाला फेस आलाय की वो तुमच्या! मावशी, ह्यास्नी कांदा हुंगवा!"

"मी ठणठणीत आहे!" मी गरजलो. प्रत्येक अक्षरागणिक एक बुडबुडा बाहेर पडला.

"आवो, काच उगडा ती!" मागून सौ. किंचाळल्या. उघडली. बोचऱ्या वाऱ्याने राहिलेला साबण थेट माझ्या डोळ्यांत आणला. लिंबाच्या शक्तीचा साबण होता. वेष्टनावर तसा दावा होता आणि तो दावा शंभर टक्के खरा निघाला! थांबून ओल्या रुमालाने डोळे पुसले, तर रुमालाचाही फेस झाला. चष्मा बरबटला, तो खिशात टाकला. आता मला जगातील फक्त रंग दिसत होते.

शिरोळ मागे पडले तेव्हा घड्याळात (सौ.नी वाचून दाखवलेल्या) आठ वाजून वीस मिनिटे झाली होती. नदीच्या बाजूने धुके पसरलेले. एवढ्यात पुढे एक पिवळा-केशरी ठिपका डुलत जाताना दिसला.

"ती जीप लग्नाची आहे काय?"

"फुलं लावल्यात म्हंजी लग्नाचीच की!"

प्रश्न अपुरा होता. 'आपल्या लग्नाची काय' असे मी विचारायला हवे होते. साक्षीदाराने विचारले तेवढ्याचेच उत्तर दिले, त्यात तिचा दोष नाही.

मी त्या ठिपक्यामागे गेलो. ठिपका एका कार्यालयाच्या आवारात शिरला, मीही शिरलो. सनई वाजत होती. कोणीतरी माझा हात धरला, "या, या पावणं! लई थंडी व्हय?" माझ्या कपाळाला गंध लागले, मनगटाला अत्तर लागले. सौ. "अंबाडा पार चपटा झालाय, आले हं," म्हणून बायकांच्या खोलीकडे गेल्या. आणि त्याच क्षणी ध्वनिक्षेपक कडाडला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं! मुलीचे मामा!"

"मी! मी मामा!" मी हेल्मेट उचलून ओरडलो. "मी वेळेवर आलो आहे, याची नोंद घ्यावी!"

गर्दी दुभंगली. दोन बलदंड हातांनी मला उचलल्यासारखे पुढे नेले. कानावर कुजबूज पडत होती.

"हे कुठलं मामा?"

"पुन्याकडचं असतील. लई दिसानी आल्यात."

"बग की, कसं धाय मोकलून रडाय लागल्यात! भाचीवर केवढी माया!"

(त्या मुलीला सख्खे आणि चुलत मिळून पाच मामा होते, हे मला नंतर समजले. पाचांत सहावा खपून गेला!)

मुलगी पाटावर उभी होती. मुंडावळ्या, शेला, खाली घातलेली मान. माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक हिरवा आणि एक लाल रंग होता, पण अंतःकरण भरून आले. आठ महिने घशात अडकलेले वाक्य मी तिच्या कानाशी सोडले.

"पोरी, माझे चुकले. तुझ्या बाबांवर मी तक्रार करायला नको होती."

हिरवा रंग ताठ झाला. "कसली तक्रार?"

"सरकारात दिलेली. पण आता सगळे मिटवून टाकू."

"बाबा!" मुलगी अशी ओरडली, की सनई थांबली. "आवो बाबा! ह्यो मामा म्हनतोय, तुमच्यावर सरकारात केस केलीया!"

यापुढचे मला दिसले नाही, पण ऐकू आले. मुलीचे वडील गरजले, "कंच्या मामानं? तुकाराम, बांधावरनं तूच केस घातलीस न्हवं!" तुकाराम नावाचे मामा म्हणाले, "आरं माझं नाव कशाला घेतोस, आईशपथ मी न्हाय!" अंतरपाटापलीकडून मुलाचे काका विचारू लागले, "केस हाय? आमाला कुनी सांगितलं न्हाय!" भटजींनी अंतरपाट खाली घेतला. गोंधळात उडालेल्या अक्षता माझ्या ओल्या गालांना चिकटल्या होत्या. मी हात वर करून निवेदन देऊ लागलो, "सदर तक्रार केवळ हेल्मेटपुरती मर्यादित होती!" त्यावर तुकाराममामा म्हणाले, "आता हेल्मेट कुठनं आलं मधीच?"

तेवढ्यात सौ. अंबाडा सावरून आल्या आणि मांडवाच्या दारातूनच ओरडल्या, "आवो! ही आपली पल्लवी न्हाय!"

सारा मांडव माझ्याकडे वळला.

मी खिशातून पत्रिका काढून दिली. वधूपित्याने ती वाचली, माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या घशातून आधी बारीक, मग मोठे हसू फुटले. "ह्ये कार्यालय गावाच्या त्या टोकाला हाय वो पावणं! नऊ बाराचा मुहूर्त? आता नऊ वाजून दोन मिंटं झाली! तुकाराम, गाडी काढ! मामाला मामाच्या जागंवर पोचीव!"

तुकाराममामांनी मोटारसायकलला लाथ मारली. "बसा!"

"थांबा, हेल्मेट..."

हेल्मेट उलटे धरले तर त्यातून अजून फेस टपकत होता. तुकाराममामांच्या डोक्यावर तर जन्मात हेल्मेट चढलेले नव्हते. नऊ वाजून तीन मिनिटे. एका बाजूला माझा आयुष्यभराचा कायदा, दुसऱ्या बाजूला संभाजी.

मी बसलो. उघड्या डोक्याने! सौ. मागून जीपने येत होत्या. तुकाराममामांनी गाडी अशी पळवली, की माझे उरलेसुरले केस उभे राहिले. आणि त्या सबंध वाटेवर मी त्या गाडीचा क्रमांक ध्यानात राहू नये म्हणून मनात स्तोत्र म्हणत होतो.

आम्ही मांडवात घुसलो तेव्हा शेवटचे मंगलाष्टक सुरू होते. पल्लवीच्या मागे एक रुंद तपकिरी रंग उभा होता, तो संभाजीच. मी दाराशीच थांबलो. उशीर झाला होता, आणि उशिराची सवलत मीच कधी कोणाला दिली नव्हती.

मग कोणीतरी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तपशील दिसत नव्हता, पण त्या बांगड्यांचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

सुमनने माझ्याकडे पाहिले. गंध फिसकटलेले, गालांवर अक्षता, केस पिंजारलेले, आणि दोन्ही डोळे लालभडक, घळाघळा वाहणारे.

"दादा," तिचा आवाज फुटला, "आरं किती रडशील? एवढं मनाला लावून घेतलंस व्हय रं? जाऊ दे, मी कधीच इसरले ते!" आणि ती मागे वळून कडाडली, "संभ्या, सर बाजूला! मामा आला!"

विश्वासरावांनी स्वतः माझा हात धरून मला पल्लवीच्या पाठीशी नेले. "दादा, तुमचं मन एवढं हळवं असंल असं वाटलं न्हवतं," ते कानात म्हणाले. पल्लवीने न वळता मागे हात नेऊन माझी बोटे घट्ट धरली. 'सावधान' झाले आणि अक्षता पडल्या.

चुकीची नोंद दिसली की तात्काळ लेखी दुरुस्ती मागायची, हा माझा स्वभाव आहे. ते अश्रू पश्चात्तापाचे नसून लिंबाच्या शक्तीचे आहेत, हे निवेदन माझ्या जिभेच्या टोकावर होते. परंतु सुमन पदराने माझे डोळे पुसत होती. मी तोंड मिटले. जन्मात प्रथमच मी खोटा पुरावा डोळ्यांदेखत दाखल होऊ दिला आणि जन्मात प्रथमच निकाल माझ्या बाजूने लागला!