चिमणीनं वाढवलेले गुण

"एकच ओळ होती गं आई. एकच!"

"कात्रीसुद्धा एकदाच चालते. पुढे बोल."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना!"

"वा गं वा! हात माझा, भलं माझं, आणि आकडा तुझ्या मनातला?"

मास्तरीणबाईंच्या नाकावर नवा कोरा चष्मा होता. समोर टेबलावर पिवळट पडलेला, लेकीच्या लहानपणीचा खेळाचा कॉम्प्युटर. त्याच्या डोक्यावर लेकीनं पत्त्याएवढा आणखी एक पडदा बसवला होता. घरात त्याचं नाव चिमणी. मोठ्या पडद्यावर वरून फळं पडायची आणि दांडा हलवून ती टोपलीत झेलायची. किती झेलली तो आकडा तिथे कोपऱ्यात, मुंगीएवढा. चिमणी तोच आकडा टपोरा करून दाखवायची.

आज चष्म्यातून पहिल्यांदाच दोन्ही आकडे दिसले. कोपऱ्यात बेचाळीस. चिमणीवर एकशे दहा.

मास्तरीणबाई शाळेतल्या नव्हेत. पुरुषांचे कोट शिवणाऱ्या दुकानात कापड बेतणारी ही एकटीच बाई. बाकीचे मशीनवर वाकलेले, या मात्र लांबलचक टेबलाशी ताठ उभ्या. खडूची रेघ एकदाच ओढायच्या, पुसणं माहीत नाही. कोणी "जरा पुन्हा मापून बघा" म्हटलं, तर "तुम्ही जेवताना तोंड शोधता का?" असं विचारून गप्प करायच्या.

मग एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला. फुटलेले तुकडे उचलायला गेल्या, तर उजवी बोटं जणू शेजारणीची. अर्धांगाचा हलका झटका, डॉक्टर म्हणाले. हात हलता ठेवा, व्यायामाच्या बाई म्हणाल्या.

लेक कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारी. तिनं माळ्यावरचं हे जुनं धूड खाली काढलं, झाडलं, जिवंत केलं. आईला बारीक आकडे दिसत नाहीत म्हणून स्वतः स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम: कॉम्प्युटरच्या पोटातले गुण उचलायचे आणि चिमणीच्या चोचीत द्यायचे. चिमणी रोज जास्त दाखवू लागली, तशी मास्तरीणबाईंची मान वर येऊ लागली. एके दिवशी पदर खोचून दुकानातच गेल्या.

"द्या एक कोट बेतायला. हात परत आलाय माझा."

मालकानं भीतभीत काळं लोकरी कापड पुढ्यात टाकलं. बाही बेतताना कात्री रेघ सोडून आत घुसली. मालकानं नुसती कापडाची घडी घातली. त्या घडीनं थोबाडीत मारल्यासारखं झालं. तरी घरी येऊन त्या म्हणाल्या, "हात ठीक आहे गं, चिमणी सांगतेय ना. डोळेच दगा देतायत." म्हणून हा चष्मा.

"काय होती ती ओळ?" त्यांनी विचारलं. "मला कळेल अशी सांग."

लेक वायरशी चाळा करत म्हणाली, "आजचे गुण कमी आले, तर कालच्यात थोडे मिळवून दाखव."

"म्हणजे मी नुसती बसून राहिले असते, तरी वाढले असते?"

"पहिल्या आठवड्यात गुण घसरले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडलीस, आठवतं? जेवलीही नाहीस. मी काय करायचं होतं? खरं दाखवलं असतं तर तू हात टेकले असतेस!"

"टेकले असते! पण घरात टेकले असते. चार शिंप्यांसमोर नाही."

"तू दुकानात जाशील हे मला काय माहीत?"

"आणि आल्यावर? मी डोळ्यांना शिव्या देत होते, तेव्हा तर माहीत होतं? चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी बसली होतीस. 'ही अक्षरं दिसतात का आई, ती दिसतात का आई' करत होतीस. तेव्हा जीभ माळ्यावर ठेवली होतीस का?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं. नव्या चष्म्यातून स्वच्छ दिसत होतं. एरवी त्यांनी पदर पुढे केला असता. आज उजवा हात मांडीवर पडून राहिला, डाव्यानं त्यांनी तो धरून ठेवला.

"रडू नकोस. एवढंच सांग." आवाज एकदम खाली आला. "परवा व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हात छान सुधारतोय. ते त्यांचं बोलणं होतं, की त्यांच्यातही तू ओळ घातलीस?"

लेकीनं वायर खाली ठेवली. दाराशी जाऊन चपला पायांत सरकवल्या, एक उलटी पडली होती ती पायानंच सरळ केली, आणि मागे न बघता जिना उतरून गेली.