विहीणबाईंची सुई

आमच्या विहीणबाई टर्की शिजली की नाही ते ओठावर बघायच्या. स्वेटर विणायची स्टीलची सुई तंगडीच्या जाड भागात हाडालगत खुपसायची, मनात दहापर्यंत मोजायचं, सुई काढून खालच्या ओठाला टेकवायची. चटका बसला तर टर्की झाली. नाहीतर "नोख निश्ट", म्हणजे अजून नाही, आणि ओव्हनचं दार बंद. त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, आन्केनं, आणून दिलेला थर्मामीटर खणात डबीसकट पडून होता.

मी चौथी शिकलेला माणूस, पण कराडच्या बाजूला चाळीस वर्षं लग्नाकार्यात आचारी होतो. हजार पानांचं मटण एका दमात उठवलंय. अख्खा पक्षी ओव्हनमध्ये सारून पाच तास समोर खुर्ची टाकून बसायचं, याला मी स्वयंपाक म्हणत नाही. आजही म्हणत नाही. पण ती सुई मला पटली. यंत्राला विचारून रांधणारा माझ्या लेखी आचारी नव्हे.

इकडं जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, मुलाकडे राहायला आलो तेव्हा सुहासनं जर्मनमध्ये माझी ओळख करून दिली आणि 'आचारी' हा शब्द तेवढा मराठीच ठेवला. विहीणबाईंना ते आडनाव वाटलं. शेवटपर्यंत मी त्यांचा 'हेर आचारी', म्हणजे श्रीयुत आचारी, राहिलो. मी सुधारायला गेलो नाही. नाव म्हणून ते काही वाईट नव्हतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळे त्यांच्याकडे जेवायला. मी सकाळीच जाऊन स्वयंपाकघरात बसायचो. हात लावायची सोय नव्हती. एकदा सफरचंदं सोलली, तर बाईंनी माझी सालं उचलून उजेडाला धरली, जाड म्हणून मान हलवली आणि सुरी काढून घेतली. त्या दिवसापासून मी नुसता बघत बसलो. त्यांना जर्मन, मला मराठी. दोघंही आपापलं बोलायचो, त्यात फारसं अडलं नाही.

अडलं ते चमच्यापाशी. टर्कीच्या रसाचा सॉस करताना त्या लाकडी चमच्यानं चव घ्यायच्या आणि तोच चमचा माझ्या तोंडापुढं धरायच्या. आम्ही चव तळहातावर घेतो. चमचा तोंडाला लागला की तो उष्टा. मी जन्मात कुणाचं उष्टं खाल्लेलं नाही, बायकोचंसुद्धा. मी तळहात पुढं केला. त्यांनी त्यात हात पुसायचा कागद ठेवला.

दोन वर्षं असं झालं. तिसऱ्या वर्षी चमचा पुढं आलाच नाही.

घरी जाताना सुहास म्हणाला, "अण्णा, त्यांना वाटतं तुम्हाला त्यांच्या हातचं आवडत नाही."

"उष्टं असतं म्हणून सांग की."

"काय सांगू? जर्मनमध्ये उष्टं म्हणायला शब्दच नाही."

"मग बसू दे त्यांना वाटत."

गेल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे इकडच्या हेर्ब्स्टमध्ये, पानगळीत, त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण तोंडाची डावी बाजू उतरली ती उतरलीच. कॉफी पिताना ओघळ यायचा आणि त्यांना कळायचं नाही. आन्के आईला 'मामा' म्हणायची. ती म्हणाली, "मामा, यंदा टर्की खाटकाकडून भाजूनच आणू." बाई म्हणाल्या, या घरात मी आहे तोवर टर्की मी करणार. मग असं ठरलं की यंदा करून बघायची. जमली नाही तर पुढच्या वर्षीपासून विकतची.

जेवणाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला त्यांनी सुई काढली. ओठाला लावली. "नोख निश्ट." दहा मिनिटांनी पुन्हा लावली, पुन्हा तेच. मला खुर्चीवरून वास येत होता. टर्की झाली होती, आणखी थोडा वेळ गेला तर भुसा होणार होती. तिसऱ्यांदा सुई लावली तेव्हा त्यांच्या ओठावर डाव्या बाजूला लाल चट्टा उठलेला मला दिसला. त्यांना दिसत नव्हता आणि लागतही नव्हता.

तेवढ्यात आन्के दारात आली. "मामा, झाली का?"

बाई तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी सुई पुन्हा खुपसली, मोजलं, काढली, ओठाला लावली आणि माझ्याकडे बघितलं. मग तीच सुई माझ्यापुढं धरली. नळ दोन हातांवर होता. पण धुतली असती तर सुई गार झाली असती, आणि लेकीलाही समजलं असतं. मी सुई घेतली, ओठाला लावली. चांगलाच चटका बसला. मी मान डोलावली.

"फेर्टिग," बाई मोठ्यानं म्हणाल्या. झाली.

जेवताना आन्के म्हणाली, दर वर्षीसारखीच झालीय. विहीणबाईंनी माझ्या ताटात तंगडी वाढली, मी मागितली नसताना. सॉस मात्र मला जरा अळणी लागला.

फेब्रुवारीत त्या दुसऱ्या झटक्यानं गेल्या. आन्के येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आईनं शेवटची टर्कीसुद्धा एकटीनं केली. मी तिथं असलो तर हो म्हणतो. सफरचंद चिरण्यापासून सगळं त्यांनीच केलं होतं, मी खुर्चीवर होतो. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथं लिहिलं. सुहासला येतं. त्यानं वाचलंच तर गप्प बसावं.