सगळी सायकल काळी केली, चेनकव्हर सोडून

मंडळी, काल आमच्या गल्लीतून दोन सायकली चोरीला गेल्या. माझी दारातच असते आणि तिच्यावरच मी रोज कंपनीच्या कॅन्टीनला कामाला जाते. म्हणून आज सकाळी तिला कुरूप करायला घेतलं.

सीटला खताची गोणी बांधली, हँडलला सुतळी गुंडाळली. सायकल दुरुस्त करणारे सलीमभाई डांबराचा डबा घेऊन आले. म्हणाले, "भाभी, ऐसी कर देतूं, चोर देखको रोतेच जाइंगा."

मडगार्ड, दांडी काळी झाली. चेनकव्हरपाशी ते थांबले. "ये नीले अक्षर बहोत चमकते. मारूं?"

ती अक्षरं माझ्या मालकांनी लिहिलेली. 'नामांतर झालंच पाहिजे.' विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या तापलेल्या दिवसांत हे याच सायकलवर चिकलठाण्याच्या कारखान्यात जायचे. मी म्हणायचे, पुसा हो, वाटेत कुणी अडवील. हे म्हणायचे, "पुसायचंच होतं तर लिहिलं कशाला? त्यापेक्षा तू वाचायला शीक."

मी शाळेत गेले नाही. पहिली अक्षरं याच चेनकव्हरवर बोट ठेवून शिकले. हे गेल्यापासून दर दिवाळीला त्या अक्षरांना निळा रंग मीच देते.

मी अक्षरांवर हात ठेवला. सलीमभाईंनी ब्रश डब्यात टाकला. "रहने दो भाभी. पढ़को छोड़ देंगा शायद."

तेव्हापासून सारखी खिडकीशी जाऊन बघतेय. सायकल गेली तर कामावर जायचं कसं, आणि अक्षरं गेली तर ती सायकल ह्यांची कशी?

तुम्ही डांबर मारलं असतं का?