गळ्यात टेप घालून कॉम्प्युटर घ्यायला

नातीला गेम खेळायला कॉम्प्युटर मीच सुटे भाग निवडून जोडणार, असं घरी ठणकावलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, पण जन्मभर शिवणकाम केलंय. माप चुकत नाही आपलं. जयनगरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सगळ्यात मोठा प्रोसेसर निवडला. टेपनं मोजलं, ज्यावर तो बसवायचा तो बोर्ड त्याहून मोठा, म्हणजे बसणारच.

दुकानदार प्रत्येक वस्तू कडेनं धरायचा, बाळाचं तोंड धरावं तशी. कन्नड ढंगात म्हणाला, "सरी, ठीक आहे अण्णा, बसवून दाखवा."

प्रोसेसर लांबट, बोर्डावरची जागा चौकोनी.

"बोर्डच खोटा," मी म्हणालो.

माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघत तो म्हणाला, "बटण आवडलं म्हणून काज फाडता का, अण्णा?"

मग जुळणारा बोर्ड त्यानंच काढून दिला.

घरी खेळ सुरू झाला. "अज्जा, कुणी निवडून दिलं?" नातीनं विचारलं.

"मीच."

दुकानदाराचं नाव विचारलं नव्हतं, ते बरंच झालं. नाहीतर सांगावं लागलं असतं.