रहिमाभाबीची जादा दोरी

एकसष्ट सालच्या डिसेंबरात कुवेतमधल्या जहऱ्यात, आमच्या सामायिक अंगणात एके सकाळी रॉकेलचा डबा लटकताना दिसला. वाळूने काठोकाठ भरलेला. आणि पलीकडच्या खोलीच्या तुळईला तो जिने टांगला होता, ती दोरी करंगळीच्या निम्मीसुद्धा जाड नव्हती. मला वाटलं, मुलांचा खेळ असेल. पण त्या खोलीत मूल नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा तिथेच. तिसऱ्या दिवशी तो चांगला दोन बोटं खाली आलेला, आणि शेजारी एक नवा डबा. समोरच्या फखरुन्निसाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "कोणाची तरी नजर बांधतेय बघ. आपण पदर सांभाळून जायचं."

मला राहवेना. मी सरळ जाऊन विचारलं, "रहिमाभाबी, हे काय मांडलंय?"

"दोऱ्या दमवतंय," ती म्हणाली. "दमल्याबिगर त्या कामाच्या नाय."

रहिमाभाबी जयगडच्या खाडीकाठची. बाप जाळी विणायचा, भाऊ दर्यावर. सात वर्षांची असल्यापासून तिच्या बोटांत दोरा. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. मी मराठी सातवी झालेली, म्हणून तिची गावची पत्रं मी वाचायची आणि मीच लिहायची. झहूरभाईंशी लग्न झालं तेव्हा ते गलबतावर होते, मग कुवेतला येऊन ड्रायव्हर झाले. नऊ वर्षांत नवरा तिला तीन सुट्ट्यांपुरता दिसला. तिला बोटीने इथे येऊन जेमतेम सात महिने झाले होते, आणि तेही झहूरभाईंच्या साहेबाने पत्र दिलं म्हणून.

हा साहेब म्हणजे हॉलिस, रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीतला इंग्रज. थंडीत दर शुक्रवारी तो वाळवंटात शिकारीला जायचा, आणि बंदुकीने नाही, धनुष्यबाणाने. गाडी झहूरभाई चालवायचे, चहा-जेवणही तेच करायचे. ससा जिवंत हाती लागला तर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायचे, मग त्यातला वाटा आमच्याकडे यायचा. बाणानेच मेला तर तो साहेबाच्या टेबलावर. मी एकदा विचारलं होतं, "भाई, बंदूक असताना बाण कशाला?" ते म्हणाले, "साहेब बोलतो, बंदुकीत माणसाला करायला काय उरतच नाय."

हॉलिससाहेबाचं आणखी एक म्हणणं होतं. शिकाऱ्याने एक धनुष्य, एक दोरी आणि चार बाण घेऊन निघावं. जादा सामान घेतलं की माणूस हातातलं नीट सांभाळत नाही. झहूरभाई गलबतावरचे. तिथे शीड एक असलं तरी दोर दोन, लागणार सुई एक, तर जवळ सुया चार. हे म्हणणं ते ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे, "दर्यावर असा बोलला असता तर तांडेलाने त्याला किनाऱ्यावरच ठेवला असता."

नोव्हेंबरात ती एकुलती दोरी तुटली. जहऱ्यापासून तीस मैलांवर, पहिल्याच बाणाला. दिवस फुकट गेला. इथे तसली दोरी मिळत नव्हती, विलायतेहून यायला दोन महिने. आणि जानेवारीत बहारीनहून साहेबाचा वरचा साहेब येणार होता, तोही धनुष्यवाला, खास शिकारीला. हॉलिससाहेबाने आपलं म्हणणं कधी बदललं कोणाला कळलं नाही, पण झहूरभाईंना त्याने बजावलं: आजपासून दोऱ्या, बाण, सगळं सामान तुझ्या अंगावर. वरचा साहेब असेल त्या दिवशी सामानापायी परत फिरावं लागलं तर तुला दक्षिणेला तेलविहिरींवरच्या ट्रकांवर पाठवतो.

ट्रकांवर पगार कमी नव्हता. पण तिथे पुरुषांच्या बराकी. बायकोला परवानगी नाही. म्हणजे रहिमाभाबीचा इकामा, इथे राहायचं परमिट, संपला की परत जयगड.

तुटलेली दोरी घेऊन झहूरभाई घरी आले. भाबीने ती उलगडून पदर मोजले, कोळ्यांच्या दुकानातून जाळ्याचा दोरा आणवला, चांभाराकडचं मेण आणवलं, आणि दोन पेडांना उलटसुलट पीळ देत एका बैठकीत दोरी केली. हे सगळं मी डब्यांचं विचारलं तेव्हा तिने मला सांगितलं, ती दोरीही दाखवली. दोन्ही टोकांचे फासे इतके साफ की गाठ कुठे ते दिसेना.

"हिला आठ दिस टांगून ठेवतंय," ती म्हणाली.

"आठ दिस? शुक्रवार परवा हाय," झहूरभाई म्हणाले. "गलबताचा दोर हाय काय तो? एवढासा धागा!"

"धागा झाला म्हणून काय झाला? कोरा दोर दर्यावर नेलाव कवा?"

त्यांनी ऐकलं नाही. नेली. शुक्रवारी संध्याकाळी आले ते मान खाली घालूनच. दोरी तुटली नव्हती, पण बाणागणिक सैल होत गेली. दुपारपर्यंत बाण सशाच्या पुढ्यात वाळूत रुतू लागले. साहेबाने दोरी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, ही चपलेला बांध.

 भाबी नंतर भाकऱ्या थापताना मला म्हणाली, "साता वर्सां दर्यावर काढली आणि हाताला कळला नाय. बारीक दिसला की बाप्ये लोक मोजतच नाय."

तिने दोन नव्या केल्या. त्याच आमच्या अंगणातल्या, वाळूच्या डब्यांच्या. रोज सकाळी नमाज झाली की ती डबे उतरवायची, दोरीला पुन्हा पीळ द्यायची, मेण चोळायची आणि परत टांगायची. नवव्या दिवशी डबा जिथल्या तिथे राहिला. मग तिने नवऱ्याला सांगितलं, आता दोन्ही धनुष्यावर चढवा, दोन्हीवर शंभर-शंभर बाण मारायला सांगा साहेबाला.

"दोन्ही? एक जादा हाय ना?"

"जी चाललीच नाय ती जादा कशी? ती नुसती दोरी."

साहेब हसला म्हणे, पण त्याने मारले.

जानेवारीतला तो शुक्रवार उजाडला. गाडीचा आवाज गेल्यावर भाबीने दार लावून घेतलं. मी दोनदा हाक मारली, ती आत तसबीह, जपमाळ, ओढत बसली होती.

तिथे काय झालं ते झहूरभाईंनी संध्याकाळी आमच्याकडे बसून सांगितलं. माझे मिस्टर, नझीर, डेपोत कारकून. त्यांनी मुद्दाम चहा टाकायला लावला, माणूस आधी बसावा म्हणून.

बहारीनचा साहेब फार नीटनेटका. त्याच्या चामडी पेटीत चार नव्या दोऱ्या, कंपनीच्या कागदात गुंडाळलेल्या. त्याने त्या हॉलिससाहेबाला अभिमानाने दाखवल्या. दहाच्या सुमारास गाडीच्या फाळक्याचा पत्रा लागून त्याच्या धनुष्यावरची दोरी कापली गेली. त्याने ऐटीत कागद फाडला, नवी चढवली. तीन बाणांत ती सैल. मनगटावर असा फटका बसला की मनगट सुजलं. दुसरा कागद फाडला, तिसरा फाडला. तीच गत. चौथ्या कागदाला त्याने हातसुद्धा लावला नाही, पेटी आपटून बंद केली.

"आणि आमचा साहेब हसला," झहूरभाई म्हणाले.

"वरच्या साहेबाला?" मिस्टर म्हणाले. "या अल्ला."

"तो लालबुंद. बोलतो, परत चला. मग आमच्या साहेबाने माझ्याकडे बघितलान."

झहूरभाईंच्या खिशात दुसरी दोरी होती, चाललेली. ती हॉलिससाहेबाची. पाहुण्याला दिली तर साहेबाकडे धनुष्यावरची एकच राहते, आणि ती गेली की सामानापायी परत फिरलो हे खरं होतं. न दिली तरी परत फिरायचंच.

"मग?" मी विचारलं.

"साहेबाला न विचारता दिली. पाहुण्याचा कामठा जरा आखूड, म्हणून दोरीला आणखी वीस पीळ दिले. विचारला असता तर तो 'नको' बोलला असता, आणि मग माझ्याकडे काय उरला असता?"

पाहुण्याला दुपारी एक ससा मिळाला. हॉलिससाहेबाची दोरी टिकली, पण त्याचा एकही बाण लागला नाही.  पाहुणा दोरी धनुष्यासकट घेऊन गेला. गाडी उभी राहिल्यावर हॉलिससाहेब एवढंच म्हणाला, "माझी दोरी तू दुसऱ्याला दिलीस."

चहा तसाच राहिला. झहूरभाई म्हणाले, "आता काय ते अल्लाला ठाव."

पुढचे चार दिवस भाबी ट्रंकेतून कपडे बाहेर काढायची, घडी घालायची आणि परत आत ठेवायची. मी जायची, बसायची.  एकदा ती आपण होऊन म्हणाली, "जयगडला आता थंडी बरी असंल." मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी दुपारी झहूरभाई एक लिफाफा घेऊन आले. साहेबाने दिलेला. इंग्रजी टाइप केलेला कागद, खाली शिक्का. झहूरभाईंना इंग्रजी बोलता यायचं, वाचता नाही. मिस्टर डेपोत. भाबीने तो कागद माझ्या हातात दिला.

माझं इंग्रजी म्हणजे अक्षर अक्षर लावत जाण्याएवढं. झहूरभाईंचं नाव सापडलं. पुढे 'ड्रायव्हर' लागलं. 'ट्रक' हा शब्द कुठे आहे का ते मी वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं. नव्हता. शेवटून दुसऱ्या ओळीत 'वाइफ' होतं, 'परमिट' होतं, आणि त्याच्यापुढे तारीख.

"साल कुठला लिवलाय?" भाबीने विचारलं.

"त्रेसष्ट," मी म्हटलं. "डिसेंबर त्रेसष्ट."

तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि ती ओळ कोणती ते बोटाने दाखवायला लावलं. मी दाखवली. तिने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.