निळ्या पाण्याची करणी

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या शहाणपणानं सासऱ्याचा जीवच जायचा होता! हसू नका, आधी ऐका.

राहात्याजवळच्या एका गावात होते एक मामंजी, होत्या एक आत्याबाई, होता त्यांचा एकुलता लेक आणि होती एक अतिशहाणी सून. मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासू, लेक म्हणजे आमचे मालक. ती अतिशहाणी कोण, ते वेगळं सांगायला नको. स्वातंत्र्य यायला दोन-तीन वर्षं होती. माझी पंचविशी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण डोळे असे तेज, की शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते धुरावरून सांगावं.

त्या साली मामंजी महिनाभर दवाखान्यात राहून आले. पायाची जखम भरत नव्हती म्हणे. आले बरे होऊन, पण घरात काहीतरी बदललं. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ. वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून गरम गूळ द्यायचा, काकवी पाजायची, ही रीत. अख्खं गाव बोटं चाटून जायचं, आणि मालक असून मामंजींना एक खडा नाही! आत्याबाई राखण करत उभ्या.

"नुस्ता वास घेतो गं," मामंजी म्हणायचे.

"लांबून घ्या!"

मला संशय आला. येणारच की! मग मी पाळत ठेवली. आणि काय पाहिलं असेल? रोज सकाळी मामंजींची लघवी एका बोळक्यात धरलेली. आत्याबाई ती घेऊन गोठ्यात जायच्या, दार लावायच्या. फटीतून बघते तर काचेच्या नळीत निळंशार पाणी, त्यात लघवीचे थेंब मोजून टाकलेले, आणि नळी दिव्यावर धरलेली! मग मामंजींच्या मांडीत सुई! आणि तो बाप्या ओरडतसुद्धा नाही.

मी धावत शेजारच्या कोंडाकाकूकडे.

"सुई? निळं पानी?" कोंडाकाकूनं कपाळाला हात लावला. "अगं, करनी हाय ती! नवऱ्याला मुठीत ठिवायची."

"म्हातारपणी?"

"तवाच तर लागती! तू आसं कर, त्या बोळक्यात दुसऱ्याचं ठिव. करनी वाया जाईल."

दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं? बैलाचं ठेवावं तर वासानं कळणार. मालकांना मागावं तर काय म्हणून मागू? शेवटी मीच त्याग केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळकं रिकामं केलं, आणि माझं भरून ठेवलं. केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

थोड्या वेळानं आत्याबाई गोठ्यातून बाहेर आल्या त्या वाघिणीसारख्या. हातात नळी. आतलं निळं पाणी विटेसारखं लाल!

"खरं सांगा, काकवी चाटली का न्हाई?"

"आयच्यान न्हाई!" मामंजी म्हणाले.

"तुमची आय जाऊन वीस वर्सं झाली, तिला कशाला मधी घालता?"

बिचाऱ्यांचं कुणी ऐकेना. त्या दिवशी सुईत औषध जास्त भरलं गेलं. मी मनात म्हटलं, बघा, करणी बिघडली म्हणून बाई चवताळली!

दिवस वर आला तेव्हा मामंजी गुऱ्हाळात बसल्याबसल्या घामानं भिजले. हात लटलटा कापायला लागले. बोलायला गेले तर जीभ वळेना. आडवेच झाले. आत्याबाई धावत आल्या, काकवीची वाटी उचलली आणि बोट बुडवून त्यांच्या हिरड्यांना लावायला लागल्या. ज्या बाईनं महिनाभर खडा दिला नाही, ती आज काकवी चाटवते? विषच कालवलं असणार! मी झडप घालून त्यांचा हात धरला.

"काय घालताय त्यांच्या तोंडात?"

"सोड हात! मरत्याल गं त्ये!"

अशा रडल्या त्या, की माझी पकड आपोआप सुटली. चाटवता चाटवता मामंजींनी डोळे उघडले, घोट गिळला, मग वाटी स्वतःच धरली. थोड्या वेळानं उठून बसले. मी तिथंच त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

आत्याबाईंनी डोकं धरलं. "अगं येडे, साखरंचा आजार हाय यांना! लघवीत साखर उतरली की नळी लाल हुती. मंग औषध वाढवायचं. नगं असता वाढलं तर अंगातली साखर पार आटून मानूस आडवा हुतो, तवा गोड चाटवायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं शिकवलंय मला. गुळाच्या मालकालाच गूळ चालंना, हे बाजारात कळलं तर लोक हसतील म्हनून लपवलं."

मामंजी वाटी चाटत म्हणाले, "महिन्यानं काकवी मिळाली, आन् ती बी अर्धी बेसुद्धीत गेली. चवच कळली न्हाई!"

सगळे हसले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"थांब. बोळक्यात तुझं व्हतं?"

"व्हय."

"आन् नळी लाल झाली?"

मामंजींनी वाटी खाली ठेवली. मी घशाला कोरड पडली म्हणून तांब्या उचलला, तर आत्याबाई म्हणाल्या, "आन् ह्यो सकाळपास्नं कितवा तांब्या?"

सांगू काय, दुसऱ्या दिवशी माझी नळी पुन्हा लाल! दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं, नशीब समजा. मग गोठ्यात दोन बोळकी, दोन नळ्या. आत्याबाईंनी माझी काकवी बंद केली, शेताला रोज दोन खेपा सुरू केल्या, भाकरीसुद्धा मोजून वाढली. पुढं सुई आली, गोळ्या आल्या. मी एक दिवस चुकवला नाही. मामंजी नव्वदी गाठून गेले. मी पंच्याऐंशी पार केली. डोळे शाबूत, पाय शाबूत, मांडीवर पणतू.

परवा त्याच्या बारशाला पेढ्यांचं ताट फिरलं. माझ्यापाशी आलं तसं नातसुनेनं ते असं काही छातीशी धरलं, जसं मी दरोडाच घालणार होते!

तुम्हाला म्हणून सांगते, घालणार होते.