भास्करच्या हातात दिलेलं पदक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर आयुष्यभर बातम्या केल्या त्या सहकाऱ्यांनाही नाही. बातमीदाराने स्वतःबद्दल लिहू नये, असं आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं होतं. मजकुरात 'मी' दिसला की उपसंपादक तो लाल शाईने खोडायचे. ती शिस्त मला पुढे फार सोयीची पडली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल, तर आहे त्यापेक्षा बरा माणूस म्हणून.

खरं तर हे एका वाक्यात सांगता यायला हवं. बातमीत पहिल्याच परिच्छेदात सगळं येतं – कोणी, काय, कुठे, कधी. मी तो परिच्छेद पुष्कळदा लिहायला घेतला आणि 'कोणी'पाशीच थांबलो. म्हणून जसं घडलं तसं सांगतो.

जालना जिल्हा तेव्हा नवा होता. औरंगाबादच्या एका दैनिकाने मला जिल्हा प्रतिनिधी नेमलं होतं. जुन्या जालन्यात कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर माझी खोली होती. तेच घर, तेच कार्यालय. रोज दुपारी बातम्यांचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं, औरंगाबादला स्टँडवर आमचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. पंधरा ऑगस्टच्या अंकासाठी जिल्ह्यातलं काहीतरी वेगळं पाहिजे, असं संपादकांनी कळवलं. भोकरदन तालुक्यात धावड्याच्या बाजूला एका गावात आरमारातला एक जुना माणूस राहतो, असं मी ऐकून होतो. आमच्या भागात समुद्र कुणी पाहिलेला नाही. नदीलाही उन्हाळ्यात पाणी नसतं. तिथे आरमारातला माणूस – बातमी होतीच.

त्यांचं नाव गणपतराव. गाव त्यांना जहाजी मामा म्हणायचं. आदराने नाही, थट्टेने. पावसात गावाचा ओढा भरला की पारावरची पोरं ओरडायची, "मामा, जहाज काढा, पलीकडं जायचंय." मामा म्हणायचे, "तिकीट काढून ठेवा, येतोच." मी गेलो तेव्हा ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत आक्रसलेली, गुळगुळीत. तसल्या बोटांनी शेंग फोडायला त्यांना वेळ लागायचा, पण दुसऱ्याने मदत केलेली चालायची नाही.

महायुद्धाच्या काळात ते घरातून पळून मुंबईला गेले आणि आरमारात भरती झाले. जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी कोळसा टाकायचं काम. एकदा बॉम्ब पडून वाफेचा नळ फुटला. झडप बंद केली नसती तर खालचे सगळे भाजून मेले असते. गणपतराव आत गेले, आणि त्यांच्याबरोबर रत्नागिरीकडचा एक पोरगा. झडप बंद झाली. पोरगा बाहेर आला नाही.

त्याबद्दल मिळालेलं पदक त्यांनी मला दाखवलं. चांदीचं, हाताला जड. एका बाजूला इंग्रज राजाचं डोकं, कडेवर गणपतरावांचं नाव आणि नंबर कोरलेला. फितीचा रंग उडालेला. स्वातंत्र्य आलं, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा गावातले लोक त्याला इंग्रजाचा बिल्ला म्हणायला लागले. मग त्यांनी ते फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकलं. मला म्हणाले, "हे माझं न्हाई, साहेब. निम्मं त्या पोराचं हाय. त्याच्या घरचं कोण मला घावलं न्हाई, म्हणून मी सांभाळून राह्यलो."

हे वाक्य मी बातमीत घेतलं. चांगलं वाक्य होतं.

फोटोसाठी मी पदक मागितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. शेवटी दिलं, आणि एकच अट घातली – दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. त्यांचा मुलगा भास्कर बाजाराच्या दिवशी जालन्याला यायचा. फोटो झाला की त्याच्याजवळ द्यायचं, असं ठरलं.

जालन्यातल्या स्टुडिओने काढलेल्या फोटोत कडेवरची अक्षरं नीट उठेनात. संपादक फोनवर म्हणाले, पदकच पाठवा, इथे आपला माणूस फोटो काढेल. मी ते बातमीबरोबर पाकिटात घातलं आणि ड्रायव्हरच्या हातात दिलं. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, हे शब्द मला आठवत नव्हते का? आठवत होते. पहिल्या पानावर माझं नाव हवं होतं.

आमच्या धंद्यात एक सवय असते. संध्याकाळची सभा दुपारीच 'झाली' म्हणून लिहायची. नाहीतर मजकूर वेळेत पोचत नाही. त्याच सवयीने मी शेवटची ओळ लिहिली होती – 'हे पदक आज पुन्हा त्यांच्या घरी, त्याच जुन्या पेटीत विसावले आहे.' तेव्हा पदक एसटीत होतं.

बाजाराच्या दिवशी भास्कर माडीवर आला. तिशीच्या आतला, सडपातळ, बोलताना खाली बघणारा. मी त्याला म्हणालो, पुढच्या बाजाराला ये. तो बरं म्हणून गेला. दोन दिवसांनी बातमी छापून आली, फोटोशिवाय. ऑफिसला फोन केला. ते म्हणाले पाकीट फाटलेलं होतं, मजकूर मिळाला, पदकबिदक काही नव्हतं. स्टँडवर चौकशी केली, ड्रायव्हरला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. इथपर्यंत तो निष्काळजीपणा होता. इथे मी थांबलो असतो तर लिहायला काही उरलं नसतं.

पुढच्या आठवड्यात गणपतराव स्वतः आले. हातात घडी घातलेला पेपर. जिना चढून दम लागला होता. पाणी दिलं, ते खाली ठेवलं. म्हणाले, "पेपरात आलंय घरी हाय म्हणून. भास्कर म्हणतो मला दिलंच न्हाई. तुम्ही त्याच्या हातात दिलं ना?"

मी हो म्हणालो.

विचार करून म्हणालो का? नाही. पण विचार करायला वेळ मिळाला असता तर वेगळं म्हणालो असतो का – हेही मला ठामपणे सांगता येत नाही. खरं सांगायचं तर दोन गोष्टी कबूल कराव्या लागल्या असत्या. मी शब्द मोडला, आणि मी खोटं छापलं. दुसरी मला जास्त जड वाटली. तो भोळा माणूस छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवून आला होता, आणि मी त्या ओळीच्या आड उभा राहिलो.

भास्कर कधीमधी दारू प्यायचा. गावाला तेवढं पुरलं. बिल्ला सोनाराला विकून प्याला, असं लोक बोलू लागले. गणपतरावांनी त्याला घराबाहेर काढलं. तो बायको-मुलांना घेऊन जालन्याला आला आणि कापसाच्या एका जिनिंगमध्ये हमालीला लागला. एकदा संध्याकाळी मला गाठून त्याने विचारलं, की साहेब, तुम्ही असं कसं सांगितलं? तेव्हा मी काय म्हणालो, ते लिहिताना हात थांबतो. मी त्याला विचारलं, तू त्या दिवशी शुद्धीत होतास का? गर्दीत दिलं असेल मी, तुला आठवत नसेल. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर शंका आली – स्वतःबद्दलची. मी ती पाहिली. आणि मला हायसं वाटलं.

वर्षभराने औरंगाबादच्या आमच्या कार्यालयाची जागा बदलली. मी कामासाठी गेलो होतो. छपाई विभागाच्या फोरमनने मला बोलावलं आणि खिशातून काहीतरी काढून हातावर ठेवलं. रॅक हलवताना मागे सापडलं, तुमचंच ना हे? तेच होतं. फीत उंदराने कुरतडलेली, चांदी काळी पडलेली, कडेवरचं नाव स्पष्ट.

तुम्ही म्हणाल, आता तरी? गणपतराव जिवंत होते. भास्कर माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर राहत होता. एसटीत बसायचं, गावात उतरायचं, पेटी उघडायला सांगायची. दुसरं काही करायचं नव्हतं. मी ते काही दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. कुणी जिना चढू लागलं की खण बंद करायचो. मग एका दुपारी खाली उतरलो, दोन गल्ल्या ओलांडल्या आणि एका सोनाराच्या दुकानात गेलो. तो ओळखीचा नव्हता. कुणाचं आहे, त्याने विचारलं. घरातलंच जुनं, मी म्हणालो. चांदीचा कस बघायला त्याने कडेवर कानस फिरवली. जिथे नाव होतं तिथेच. मी समोर उभा होतो. मग ते मुशीत गेलं.

गावाने भास्करवर जे बालंट आणलं होतं, ते मी केलं.

पुढे काही वर्षांनी गणपतराव अंथरुणाला खिळले. भास्कर दुसऱ्यांदा माझ्याकडे आला. या वेळी पदकाचं नाव काढलं नाही, आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाप म्हणतो अग्नी पुतण्या देईल. तू द्यायचा न्हाई. मला दुसरं काही नको. तुम्ही एकदा चला, एकदा खरं सांगा. मंग मी तुमच्या दारात यायचो न्हाई."

मी गेलो. का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बसमध्ये तो शेजारी बसला होता. माझं तिकीट त्यानेच काढलं. मी आलो याचा अर्थ त्याने त्याच्या परीने लावला असणार. खिडकीबाहेर बघत तो मुलांच्या शाळेबद्दल बोलत होता, जरा जास्तच बोलत होता.

खोलीत अंधार होता. पुतण्या पायाशी बसला होता. गणपतरावांना दिसत नव्हतं फारसं, पण आवाज ओळखला. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. त्यांचा तो गुळगुळीत हात माझ्या मनगटावर होता. म्हणाले, "साहेब, माझं असतं तर पोराला कवाच माफ केलं असतं. ते माझं नव्हतं. आता मला पुढं जायचंय, तिथं तो रत्नागिरीकडचा पोरगा भेटंल. त्याला काय सांगू? तुम्ही ह्याच्या हातात दिलं व्हतं ना? बराबर सांगा."

भास्कर दारात उभा होता. चौकटीला हात लावून.

मी म्हणालो, हो.

गणपतरावांनी माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. भास्कर बाहेर गेला. मला वाटलं आता ओरडेल, अंगावर येईल. काही वेळाने त्याने चहा आणून माझ्यापुढे ठेवला. परतीच्या गाडीपर्यंत सोडायलाही आला. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाला, "आलात म्हणून मला वाटलं, सांगाल."

त्यानंतर तीन-चार दिवसांत गणपतराव गेले. बातमी मीच दिली. आरमारात सेवा, शौर्यपदक, मागे मुलगा, सून, नातवंडं असा परिवार. त्यांच्या पार्थिवाला पुतण्याने अग्नी दिला. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी तपासून घेतलं होतं. त्या वेळी भास्कर गर्दीत मागे उभा होता, हे मला नंतर एकाने सांगितलं. ते बातमीत नव्हतं.

भास्कर आज हयात आहे. जालन्यातच राहतो. हे लिहिण्याआधी मी त्याच्याकडे गेलो नाही, आणि लिहून झाल्यावर जाईन असंही म्हणत नाही. गावाकडे त्याच्या मुलाच्या सोयरिकीच्या वेळी जुना विषय निघाला होता, असं कानावर आलं. बापाचा बिल्ला विकून खाणाऱ्याचं घर, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. मी ते ऐकलं आणि समोरच्या माणसाला पावसाबद्दल काहीतरी विचारलं.

भास्करच्या हातात ते पदक मी कधीही दिलं नाही. ते मी विकलं. गणपतरावांनी मला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी खोटं बोललो. भास्कर खरं बोलत होता.